नकाशावरची वीतभर वाट

प्रवासाला निघण्यापूर्वीं घरांत जी चर्चा होते, तिच्यांतच अर्धा प्रवास घडतो असें माझें मत आहे. तिकिटें काढण्याचें काम आतां दोन मिनिटांचें झालें. परंतु कोठें जावयाचें, किती दिवस राहावयाचें आणि काय सोडून द्यावयाचें, हें ठरविणें पूर्वींइतकेंच अवघड राहिलें आहे. त्यांतही ‘काय सोडून द्यावयाचें’ हा प्रश्न बहुतेक घरांत कोणी विचारीतच नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या घरांत तो विचारावा लागला. ती हकीकत वाचकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून या महिन्याचें पान तिला देत आहें.

आमचे थोरले बंधु अण्णा हे चित्रकलेचे शिक्षक. उमेदीच्या काळांत प्रत्येक दिवाळीच्या सुटींत ते अजिंठ्यास जात आणि तेथील चित्रांच्या नकला करीत. चीनच्या वायव्येस, गान्सू प्रांतांत, दुन्ह्वांग या गांवाजवळ लेण्यांतून हजार वर्षें चाललेलें चित्रकाम आहे. लेण्यांत देव कोरण्याची आणि भिंती रंगविण्याची ही विद्या बौद्ध भिक्षूंच्या पावलांनीं हिंदुस्थानांतूनच मध्य आशियामार्गें तेथें पोंचली. तीं लेणीं एकदां पाहावीं, ही अण्णांची इच्छा तारुण्यापासूनची. नोकरी, बहिणींचीं लग्नें, मुलांचीं शिक्षणें यांत ती मागें पडली. आतां अण्णांना ७१ वें वर्ष लागलें आणि दोन्ही डोळ्यांत काचबिंदु असल्याचें निघालें. गेलेली दृष्टि परत येत नाहीं, आहे ती औषधानें टिकवावयाची, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. त्या दिवशीं घरीं आल्यावर अण्णा एवढेंच म्हणाले, “जावयाचें तर आतांच.”

माधव हा अण्णांचा धाकटा मुलगा. बेत आंखण्याचें काम त्यानें अंगावर घेतलें. एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें नकाशा पसरला आणि मला म्हणाला, “काका, हें पाहा. लानझोऊला आरंभ आणि दुन्ह्वांगला शेवट. वीतभर तर वाट! मध्यें वूवेई, झांग्ये, जिऊछुआन, ज्यायूग्वान हीं शहरें ओळीनें लागतात. चार दिवसांत सगळें उरकतें.”

‘उरकतें’ हा शब्द ऐकून अण्णांनीं चष्मा काढून पुसला. बोलले मात्र कांहीं नाहींत. वहिनींनीं विचारलें, “पण भावोजी, हीं शहरें एकमेकांपासून इतकीं दूर कां? मध्यें गांवें नाहींत का?”

मला त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. पुढें आठ दिवस पुस्तकें चाळलीं, तेव्हां ध्यानांत आलें कीं, साऱ्या प्रवासाची किल्ली वहिनींच्या त्या प्रश्नांतच होती.

या प्रदेशाला चिनी लोक हेशी म्हणतात, म्हणजे ‘नदीच्या पश्चिमेस’. ही नदी म्हणजे प्रसिद्ध पीत नदी. लानझोऊ शहर तिच्या कांठीं वसलें आहे. तेथून वायव्येकडे निघालें, कीं वूशाओलिंग नांवाचा सुमारें तीन हजार मीटर उंचीचा घाट लागतो. तो ओलांडल्यावर डाव्या हातास छीलियान पर्वताच्या बर्फाळ रांगा आणि उजव्या हातास गोबीचें वैराण माळरान, अशा दोहोंमधून सुमारें एक हजार किलोमीटर लांबीचा चिंचोळा पट्टा पश्चिमेकडे जातो. चीनमधून मध्य आशियाकडे रेशीम घेऊन जाणारे तांडे याच पट्ट्यांतून जात.

आतां अंतरें पाहूं. सडकेनें लानझोऊ ते वूवेई सुमारें २८० किलोमीटर. वूवेई ते झांग्ये सुमारें २४०. झांग्ये ते जिऊछुआन सुमारें २१०. तेथून ज्यायूग्वान अवघें वीस-पंचवीस. आणि ज्यायूग्वान ते दुन्ह्वांग जवळजवळ ३८०. बेरीज ११०० च्या वर जाते. पुण्याहून हैदराबादेस जाऊन त्याच सडकेनें परत यावें, एवढी ही वीतभर वाट आहे.

शहरें अशीं लांब लांब कां, याचें उत्तर पाणी. दुन्ह्वांग येथें वर्षाकांठीं पाऊस पडतो तो सुमारें ४० मिलिमीटर. आमच्याकडे मृगाची एक चांगली सर एवढें देऊन जाते. तेव्हां तेथील शेती आपल्या शेतावर पडणाऱ्या पावसावर नाहीं. छीलियान पर्वतावर पडणाऱ्या पावसावर आणि तेथें वितळणाऱ्या बर्फावर आहे. तें पाणी नद्यांच्या रूपानें उत्तरेकडे उतरतें, कांहीं अंतर जमीन भिजवितें आणि वाळवंटांत जिरून जातें. यांतील एकही नदी समुद्राला मिळत नाहीं. शियांग नदीच्या पाण्यावर वूवेई, हेइ म्हणजे काळ्या नदीच्या पाण्यावर झांग्ये, दांग नदीच्या पाण्यावर दुन्ह्वांग. जेथें नदी डोंगरांतून बाहेर पडते तेथें शहर. दोन नद्यांच्या मध्यें माळरान. मनुष्यानें सोयीप्रमाणें शहरें वसविलीं असें येथें झालें नाहीं. पाण्यानें जागा दाखविल्या, त्या त्यानें घेतल्या. आतां तापमान वाढत असून छीलियानवरील हिमनद्या आक्रसत आहेत, म्हणजे ज्या पुंजीवर हीं शहरें दोन हजार वर्षें जगलीं, तिलाच ओहोटी लागली आहे.

इ. स. पूर्व १२१ मध्यें हान सम्राट वू-ती याचा तरुण सेनापति हो छूपिंग यानें शिओंग्नू टोळ्यांना हटवून हा पट्टा जिंकला, आणि पुढें तेथें वूवेई, झांग्ये, जिऊछुआन व दुन्ह्वांग असे चार सुभे स्थापन झाले. तेच क्रम आजही रेल्वेच्या वेळापत्रकांत दिसतो. या वाटेवर सरकारी टप्प्यांच्या चौक्या होत्या. त्यांपैकीं दुन्ह्वांगच्या पूर्वेकडील श्वेनछुआन या चौकीचें उत्खनन १९९० ते १९९२ या काळांत झालें. तेथें लिहिलेल्या लांकडी पट्ट्या हजारोंनीं सांपडल्या. त्यांतील एका पट्टीवर वाटेवरच्या ठाण्यांमधील अंतरें ओळीनें दिलीं आहेत: या ठाण्यापासून तें ठाणें इतके ‘ली’. त्या काळचा एक ली म्हणजे सुमारें ४१५ मीटर, आणि बरींचशीं अंतरें साठ-सत्तर लींच्या आसपास. म्हणजे २५ ते ३० किलोमीटर. आपल्याकडे ‘मजल दरमजल’ म्हणतात, त्यांतली ही मजल. मनुष्य आणि जनावर दिवसभरांत जेवढें चालून पाण्याशीं पोंचतील, तेवढें अंतर.

पाणी चुकलें म्हणजे काय होतें, हें ह्यूएन त्संगाच्या चरित्रांत वाचावयास मिळतें. इ. स. ६२९ च्या सुमारास हा भिक्षु हिंदुस्थानाच्या ओढीनें याच वाटेनें निघाला. राज्याबाहेर जाण्यास तेव्हां बंदी होती. आजच्या वूवेई येथें त्यानें महिनाभर प्रवचनें केलीं, आणि पुढें दिवसां लपून व रात्रीं चालून मार्ग काढला. सरहद्दीपलीकडे वाटाड्या त्याला सोडून गेला. वाळवंटांत पाण्याची पखाल निसटून सगळें पाणी सांडलें. चार रात्री आणि पांच दिवस त्याला थेंबभर पाणी मिळालें नाहीं. अखेर त्याच्या म्हाताऱ्या घोड्यानें पाण्याचा माग काढला. हाच ह्यूएन त्संग पुढें महाराष्ट्रांत येऊन गेला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याविषयीं त्यानें लिहिलें आहे, आणि डोंगरांतल्या एका विहाराचें जें वर्णन त्यानें नोंदविलें तें अजिंठ्याचेंच, असें अभ्यासक मानतात.

हें सारें मी घरीं वाचून दाखविलें. अण्णा म्हणाले, “म्हणजे अजिंठ्याची खबर लिहून ठेवणारा मनुष्य या वाटेनें चालत आला. आणि आपण ती चार दिवसांत उरकायची म्हणतों.”

माधव समजूतदार मुलगा आहे. तो म्हणाला, “अण्णा, मग तुम्हीच सांगा, काय सोडायचें?”

त्या प्रश्नावर घरांत दोन दिवस खल झाला. शेवटीं ठरलें तें असें: अण्णांचे डोळे दुन्ह्वांगसाठीं राखावयाचे. तेथें चार दिवस. त्याच्या अलीकडे लानझोऊ आणि झांग्ये येथें दोन दोन दिवस. वूवेई सोडावयाचें. तें सोडतांना मला वाईट वाटलें. कारण ज्या कुमारजीवानें बौद्ध ग्रंथ चिनी भाषेंत आणले, तो भारतीय पित्याचा पुत्र तेथें सुमारें सतरा वर्षें अडकून पडला होता, आणि त्याच्या नांवाचा मनोरा तेथें आहे. पण एकाची हौस दुसऱ्याच्या डोळ्यांवर लादावयाची नाहीं, असा निर्णय झाला. ज्यायूग्वानचा किल्ला माधवला पाहावयाचाच होता. त्यानें एकट्यानें तेथें उतरावें आणि दुसऱ्या दिवशीं आम्हांला गांठावें, असें ठरलें. एकत्र निघालेल्या मंडळींनीं सर्व कांहीं एकत्रच पाहिलें पाहिजे, हा हट्ट सोडला कीं किती प्रश्न सुटतात!

सप्टेंबरांत आम्ही निघालों. उन्हाळ्याची काहिली ओसरलेली असते आणि वसंतांतील धुळीचीं वादळें नसतात, म्हणून वृद्धांना हा महिना बरा. लानझोऊ येथें प्रांताच्या संग्रहालयांत एक ब्राँझचा घोडा आहे. वूवेई येथील एका थडग्यांत १९६९ सालीं तो सांपडला. उंची अवघी ३४.५ सेंटिमीटर, तीन पाय हवेंत, आणि चौथा एका उडत्या पक्ष्याच्या पाठीवर. अण्णा त्याच्यापुढें पाऊण तास उभे होते. वूवेई सोडल्याची माझी रुखरुख त्या घोड्यानें थोडी कमी केली.

जेवणाविषयीं एक सूचना. लानझोऊच्या शेवया प्रसिद्ध आहेत, परंतु त्यांचें सार गोमांसाचें असतें. केवळ वरून मांस घालूं नका असें सांगून भागत नाहीं. सारच नको, असें लिहून नेलेली चिठ्ठी दाखवावी. वहिनींनीं भाजणी, मेतकूट आणि पोहे बरोबर घेतले होते. फळें तेथें उत्तम मिळतात. दुन्ह्वांग येथें जर्दाळूचें गार सरबत मिळतें, तें वहिनींना इतकें आवडलें कीं परत येईपर्यंत त्याचीच आठवण चालली होती.

झांग्ये येथें अकराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या देवळांत बुद्धाची निजलेली मूर्ति आहे, लांबी ३४.५ मीटर. शहराबाहेर तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचे डोंगर आहेत. ते पाहाण्यास माधव आणि मी गेलों. अण्णा व वहिनी मुक्कामीं विसांवा घेत राहिलीं. लानझोऊहून झांग्येस जाणारी जलद आगगाडी शीनिंगवरून छीलियान पर्वत ओलांडून जाते. हा मार्ग डिसेंबर २०१४ मध्यें सुरू झाला, आणि त्यावरील एका बोगद्यांत रूळ ३६०७ मीटर उंचीवर आहेत. माधवनें मोठ्या उत्साहानें ही माहिती आईला सांगावयास सुरुवात केली. पण वहिनींना केव्हांच झोप लागली होती. ज्या डोंगराच्या धाकानें तांडे शतकानुशतकें पायथ्यापायथ्यानें गेले, तो असा झोपेंत ओलांडला गेला.

पुढें माधव ज्यायूग्वानला उतरला. आम्ही ल्यूयुआन येथें उतरून तेथून मोटारीनें सुमारें १३० किलोमीटर वाळवंट ओलांडून दुन्ह्वांगला पोंचलों. साऱ्या चीनचें घड्याळ एकच असल्यानें पश्चिमेकडील या गांवीं सप्टेंबरांतही आठच्या सुमारापर्यंत उजेड असतो. दुसऱ्या दिवशीं माधव आला तो किल्ल्याची गोष्ट घेऊनच. १३७२ सालीं बांधावयास घेतलेला हा किल्ला मिंग राजांच्या भिंतीचें पश्चिमेकडील टोंक. त्याला लागणाऱ्या विटांचा कारागिरानें असा चोख हिशेब केला कीं, शेवटीं एकच वीट उरली, अशी दंतकथा आहे. ती वीट अजून दाखवितात. अण्णा हसून म्हणाले, “आपल्या बेतांत मात्र एक दिवस उरूं दे, वीट नको.”

मोगाओ हीं लेणीं गांवापासून सुमारें २५ किलोमीटरांवर. पहिलें लेणें इ. स. ३६६ मध्यें खोदलें गेलें असें मानतात. आज ७३५ गुहा असून त्यांपैकीं ४९२ गुहांत चित्रें व मूर्ति आहेत; रंगविलेल्या भिंतींचें क्षेत्रफळ सुमारें ४५,००० चौरस मीटर. हें सर्व एका भेटींत पाहातां येत नाहीं, आणि पाहूं दिलेंही जात नाहीं. मनुष्याच्या श्वासांतील ओलाव्यानें भिंतींतले क्षार विरघळतात, पुन्हां घट्ट होतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून नेहमींच्या तिकिटावर दिवसाला सहा हजारच माणसें घेतात, प्रत्येक तुकडीला आठ गुहा दाखवितात, आणि त्या कोणत्या हें मार्गदर्शक ठरवितो. गर्दीच्या दिवसांत दुसऱ्या प्रकारचें तिकीट मिळालें तर गुहा चारच. तिकीट कांहीं आठवडे आधीं काढावें. आंत छायाचित्र घेण्यास बंदी आहे आणि उजेड काय तो मार्गदर्शकाच्या विजेरीचा.

येथेंच मला अण्णांची धास्ती होती. अंधारांत त्यांना जवळजवळ दिसत नाहीं. परंतु लेण्यांपाशीं नेण्यापूर्वीं एका केंद्रांत दोन बोलपट दाखवितात. हें केंद्र २०१४ सालीं सुरू झालें. दुसरा बोलपट डोक्यावरच्या घुमटाकार पडद्यावर असतो. खुर्चीत मागें रेलून बसावयाचें, आणि गुहेंतलें चित्र हातभर अंतरावर आल्यासारखें उजळ दिसतें. अण्णा तो संपेपर्यंत हलले नाहींत.

मग प्रत्यक्ष लेणीं. नऊ मजली देवडीमागचा ३५ मीटरांहून उंच बुद्ध दिसला. १९०० सालीं वांग युआनलू या पुजाऱ्याला जेथें हजारों जुनीं हस्तलिखितें सांपडलीं, ती लहानशी खोली दिसली. एका गुहेंत मार्गदर्शक बाईंनीं अण्णांची अडचण ओळखली. बाकी मंडळी पुढें निघाली असतां त्यांनीं विजेरीचा झोत एका उडत्या गंधर्वावर क्षणभर अधिक धरला. अण्णा मला हळूच म्हणाले, “रंग मला मघाशीं घुमटांत दिसले. पण ही रेषा बघ. एका दमांत ओढली आहे, हात कुठें अडखळला नाहीं.”

तेथेंच एका इमारतींत कांहीं गुहांच्या मूळ आकाराच्या प्रतिकृति केल्या आहेत. तिसऱ्या दिवशीं आम्ही तेवढ्यासाठीं पुन्हां गेलों. तेथें उजेड पुरेसा, घाई नाहीं. माधव भिंतीजवळ उभा राहून रंग सांगे आणि अण्णा त्याचा उलगडा करीत. “अण्णा, या माणसांचे चेहरे काळे कां?” “काळे नव्हते ते. गुलाबी होते. शेंदूर मिसळला कीं कालांतरानें काळवंडतो.” “आणि हा निळा?” “लाजवर्द. अफगाणिस्थानांतला दगड. अजिंठ्यालाही तोच आहे.” वडिलांचे डोळे आणि मुलाची विद्या अपुरी, दोघांचें मिळून पुरें झालें. दोन तास बापलेक भिंतीपाशीं बोलत होते. माधव लहानपणापासून चित्रकलेच्या तासाला कंटाळलेला मुलगा. हा तास त्याच्या बेताप्रमाणें झालाच नसता.

चौथ्या दिवशीं गांवाजवळच्या वाळूच्या टेकड्यांमधील चंद्रकोरीसारखें तळें पाहिलें. गेल्या शतकांत त्याचें पाणी फार खालीं गेलें होतें. आतां तें प्रयत्नपूर्वक राखलें जात आहे. माधव टेकडीवर चढला, आम्ही तिघें खालीं बसलों.

ज्यांना इतकें दूर जाणें शक्य नाहीं त्यांनीं दिल्लीस गेल्यावर राष्ट्रीय संग्रहालयांत चौकशी करावी. ऑरेल स्टाइन यानें १९०७ मध्यें दुन्ह्वांगहून जें नेलें, त्या मोहिमेचा कांहीं खर्च तेव्हांच्या हिंदुस्थान सरकारनें दिला होता, म्हणून त्या वस्तूंतील एक वांटा आपल्याकडे आला. ज्यांना जावयाचें आहे त्यांनीं नकाशा वितीनें मोजूं नये. घरांतलें सर्वांत थकलेलें माणूस कोणतें, आणि त्याला खरोखर काय पाहावयाचें आहे, हें आधीं विचारावें. त्यासाठीं दिवस राखून ठेवावे, आणि उरलेल्या दिवसांत इतरांचें बसवावें.

परत आल्यावर अण्णांनीं कागद घेतला आहे. एक उडता गंधर्व ते काढीत असतात. हात कांपतो आणि रेषा पुष्कळदां पुसावी लागते. संध्याकाळीं माधव कामावरून आला, कीं अण्णा तो कागद त्याच्यापुढें धरतात आणि विचारतात, “निळा बरोबर आला आहे का रे?”